बारोलो २०२१ चाखून आलो. आता कोणती घ्यावी, किती घ्यावी?

दगडफूल

नमस्कार मंडळी.

जानेवारीत २०२१ ची बारोलो वाइन बाजारात आली आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसात कॉफीच्या मशिनापाशी दुसरा विषय नाही. जो भेटेल तो सांगतो, "घेऊन ठेव, नाहीतर मागून हळहळशील." इटलीत तोरिनोला येऊन सहा वर्षं झाली. आजवर बारोलो प्यायलो ती लोकांच्या घरी, लोकांच्या पैशाने. या खेपेला ठरवलं की स्वतः जायचं, चाखायचं आणि स्वतःच्या खिशातून घ्यायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारोलो ही इकडच्या पिएमोंते प्रांतातली, आल्बा शहराजवळच्या ११ गावांच्या हद्दीतली वाइन. द्राक्ष एकच, नेब्बिओलो, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. नियमाप्रमाणे किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ महिने लाकडाच्या पिंपात. म्हणून २०२१ च्या शरदात खुडलेली द्राक्षं आत्ता कुठे आपल्या पेल्यात येतायत.

शनिवारी वाइन बनवणाऱ्यांची दोन घरं केली. सकाळी ला मोर्रा गावात, दुपारी सेर्रालुंगात. नावं मुद्दाम देत नाही. दोन्ही लहान कुटुंबं आहेत आणि हा धागा जाहिरात वाटायला नको.

ला मोर्राची वाइन पेल्यात ओतली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही बारोलो? रंग आमसुलाच्या पाण्याचा. पेल्यामागे बोट धरलं तर नखसुद्धा दिसावं इतकी पारदर्शक. पण वास घेतला आणि गप्प झालो. सुकत आलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, रासबेरी, मागे किंचित ज्येष्ठमध. तोंडात गोडसर सुरुवात, मग तुरटपणा येतो, पण दार ठोठावून येतो. किंमत ४२ युरो.

सेर्रालुंगाची तशी नाही. तिचा रंग जरा गडद, वास जवळजवळ बंद. घोट घेतला आणि कच्ची सुपारी चावल्यासारखे गाल आतून आवळले गेले. घरच्या आजी समोर बसल्या होत्या. माझा चेहरा बघून हसल्या आणि ग्रिस्सिनीची, म्हणजे पावाच्या कुरकुरीत काड्यांची, पुडी पुढे सरकवली. ही ४८ युरो.

चाखण्याचे माणशी १५ युरो दोन्हीकडे, बाटली घेतली तर माफ. एकेक बाटली घेऊन आलो. आता पुढच्या महिन्यात परत जाणार आहे आणि २५० युरोपर्यंत खर्चाची घरून परवानगी आहे. मला ला मोर्राची आवडली, सरळ सांगतो. पण ऑफिसातले सगळे म्हणतात की ठेवायची असेल तर सेर्रालुंगाच. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

अवांतर : थुंकायचं भांडं समोर ठेवतात. पहिल्या दोन घोटांना जीव होईना. ४८ युरोची वाइन थुंकायची! मग बायको म्हणाली की परत गाडी चालवायची आहे. पुढचं सगळं निमूट भांड्यात. पानवाल्यापाशी उभं राहून शिकलेली नेमबाजी अशी कामी आली.

भटकी खार

मस्त लिहिलंय! वाचतेय. पुढचा भाग येऊ द्या. ग्रिस्सिनीवाल्या आजींचा फोटो हवा होता.

जुनी बखळ

दगडफूल, धाग्याबद्दल आभार. मी नोव्हाराला २४ वर्षं आहे, त्यातली निम्मी या टेकड्यांवर चुका करण्यात गेली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक म्हणजे ज्या दिवशी चाखली त्या दिवशी पेटी घेऊ नये. तुम्ही एकेकच घेतलीत, शहाणपणा केलात. वाइनवाल्याच्या अंगणात, समोर द्राक्षाच्या ओळी, बाजूला आजी, ताटलीत सलामीचे काप, अशा वेळी व्हिनेगरसुद्धा चांगलं लागतं.

तुम्हाला जो फरक जाणवला तो मनाचा खेळ नाही, पायाखालच्या मातीचा आहे. ढोबळ सांगायचं तर पश्चिमेकडची, म्हणजे ला मोर्रा आणि बारोलो गावाची जमीन वयाने तरुण, निळसर चुनखडीयुक्त मार्ल, म्हणजे चुना मिसळलेली चिकणमाती. तिथली वाइन सुवासिक आणि लवकर खुलणारी. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते, तिथली जमीन जुनी, वाळूचा दगड आणि मार्लचे थर. तिथली वाइन दणकट, तुरट, उशिरा बोलणारी. पण याला शंभर अपवाद आहेत. उतार कुठल्या दिशेला आहे आणि घरात हात कोणाचा आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आता २०२१ बद्दल. एप्रिलच्या सुरुवातीला हिमकडाका पडला होता. नेब्बिओलोला कोंब लवकर फुटतात आणि फळ पिकतं सगळ्यांच्या शेवटी, त्यामुळे खोलगट जागांतल्या मळ्यांना फटका बसला. उन्हाळा कोरडा गेला, पण सप्टेंबरात दिवस उबदार आणि रात्री थंड मिळाल्या. नेब्बिओलोला हेच हवं असतं. म्हणून २०२१ मध्ये फळही आहे, आंबटपणाही आहे आणि तुरटपणाही भरपूर. २०२० त्या मानाने मऊ, आज उघडली तरी चालेल अशी. ऑफिसातली मंडळी ठेवा म्हणतात ती म्हणूनच.

आता गृहपाठ. त्या दोन बाटल्या एकाच दिवशी उघडा. डिकँटर (वाइनला हवा लागावी म्हणून ओतून ठेवायचं भांडं) नको. रोज एकेक पेला घ्या, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी तासभर आधी बाहेर काढा. असं चार दिवस. हवेत चार दिवसांत जे होतं ते म्हणजे बाटलीतली दहा वर्षं नव्हेत, हे आधीच सांगतो. पण कोणात किती दम आहे याचा अंदाज येतो. मग इथे लिहा.

सरळसोट

माफ करा, पण एक बाळबोध प्रश्न. आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात बारोलो १९.९० ला आहे. तीच २०२१. मानेवर तीच नंबर छापलेली सरकारी पट्टी. तेच द्राक्ष, तेच ३८ महिने. मग ४८ युरो कशाचे? आजींच्या ग्रिस्सिनीचे?

मी वाइनमधला नाही. गेल्या वर्षी इथलं गाडीचं लायसन्स काढलं (आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, इटालियनमधून परीक्षा दिली, दोनदा नापास), तेव्हापासून एवढंच शिकलो की इथे कोणी नियम सांगितला की आधी छापील वाचायचा. छापील तर दोन्हीकडे एकच आहे.

जुनी बखळ

सरळसोट, प्रश्न बाळबोध नाही, बरोबर आहे. आणि १९.९० ची वाइन खोटी नाही. मोठ्या कंपन्या अनेक शेतकऱ्यांकडून द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेतात, एकत्र करतात, भरतात. पूर्णपणे कायदेशीर.

पण पट्टी किमान सांगते. हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्षं, एवढंच नियम म्हणतो. कोणी उन्हाळ्यात अर्धे घड खुडून मातीत टाकतो, कोणी ८ टन गाठतो. कोणाचा मळा नैर्ऋत्येला तोंड करून, कोणाचा हद्दीच्या काठावर. दहावी पास दोघंही होतात, तसं.

तरीही खरं मत सांगू? १९.९० मध्ये बारोलो घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगल्या घरची लांगे नेब्बिओलो, म्हणजे याच टेकड्यांवरची साधी वाइन, घ्या. त्यात नेब्बिओलो किमान ८५ टक्के लागते, बहुतेक घरं १०० टक्केच करतात. मळ्यातल्या कोवळ्या वेलींची द्राक्षं त्यात जातात आणि ती प्यायला वाट बघावी लागत नाही.

चिंचगुळी

मला वेगळीच शंका आहे. सासूबाई येणार आहेत. त्या शुद्ध शाकाहारी, पण "द्राक्षाचाच रस ना, चमचाभर घेईन" म्हणणाऱ्या. लाल वाइन गाळायला अंडं वापरतात असं ऐकलंय, ते खरं का? बाटलीवर कळतं का?

मिलानी माशी

चिंचगुळी, खरं आहे. अंड्यातला पांढरा भाग तुरट कणांना चिकटतो आणि त्यांना घेऊन तळाशी बसतो, मग वरची नितळ वाइन काढून घेतात. जुनी पद्धत आहे. आता बरेच जण वाटाण्याचं प्रथिन किंवा बेंटोनाइट नावाची माती वापरतात, आणि बरेच काहीच वापरत नाहीत. बारोलो एवढी वर्षं पिंपात राहते की आपोआप निवळते. अंड्याचा किंवा दुधाचा अंश वाइनमध्ये उरला असेल तर युरोपात तसं लेबलवर लिहावंच लागतं. पण वापरलं आणि उरलं नाही, तर लिहिण्याची सक्ती नाही. थेट घरातून घेणार असाल तर विचारा, लोक मोकळेपणाने सांगतात.

घटकांची यादी देणारा क्यूआर कोड हल्ली दिसतो, ती यादी ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनसाठी सक्तीची आहे. २०२१ ची बारोलो त्याआधीची, तेव्हा तिच्यावर तो नसला तर दचकू नका.

बाय द वे, सगळे बारोलो बारोलो करतायत म्हणून एक आवाज आमच्या लोंबार्दीचाही. वाल्तेल्लिनामध्ये हेच द्राक्ष कियाव्हेनास्का नावाने पिकतं, डोंगराला बिलगलेल्या दगडी बांधांवर. यंत्र चढत नाही, सगळं हाताने. आणि जुनी बखळ काका नोव्हाराला राहून शेजारच्या गत्तिनाराबद्दल, तीही नेब्बिओलोचीच वाइन, बोलत नाहीत म्हणजे कमाल आहे!

जुनी बखळ

माशीताई, घरचं झाकून ठेवावं लागतं. गत्तिनारा सगळ्यांना कळली तर मला परवडणार नाही. :)

अवकाळी

दगडफूल, पेटी घ्यायच्या आधी माझी रडकथा ऐका.

तोरिनोतल्याच एका हॉटेलात लग्नाच्या वाढदिवसाला ६५ युरोची बारोलो मागवली. वेटरने बूच काढलं, पेल्यात दोन थेंब ओतले, मी रुबाबात हुंगलं. ओल्या गोणपाटाचा वास. पावसाळ्यात धान्याचं पोतं भिजून कोपऱ्यात पडलं की येतो तो. मला वाटलं, जुन्या वाइनचा हाच थाट असेल. आपण गावंढळ ठरायला नको म्हणून मान डोलावली. दोघांनी कसंबसं अर्ध्यापर्यंत प्यायलो. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना राहवलं नाही, त्या म्हणाल्या, "सा दी ताप्पो!" म्हणजे बुचाची चव लागलीय. त्यांना तिथवर वास आला होता, आणि मला नाकाखाली कळला नाही.

मग वाचलं. बुचातल्या बुरशीमुळे टीसीए नावाचं रसायन तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. तब्येतीला अपाय नाही, पण फळाचा वास मारून टाकतं. महागातल्या महाग बाटलीला होऊ शकतं, त्यात वाइनवाल्याची चूक असेलच असं नाही. हॉटेलने बाटली बदलून द्यायला नकार दिला, कारण अर्धी संपली होती. त्यांचंही बरोबरच म्हणा.

तेव्हा पहिला वास घेताना लाजू नका. आणि घरी ठेवायच्या असतील तर एकाच वाइनच्या किमान दोन घ्या, एक दगा देऊ शकते.

दगडफूल

सर्वांचे आभार. अवकाळी, हसू आणि रडू एकदम आलं. जुनी बखळ काका, गृहपाठ केला. चार दिवसांचा अहवाल देतो. लांबलाय, पण आमच्या घरी या आठवड्यात दुसरं काही घडलंच नाही.

बुधवार, संध्याकाळी साडेसहा. दोन्ही बुचं काढली, हुंगली, गोणपाट नाही. ला मोर्रा लगेच दरवळली, तोच गुलाब. सेर्रालुंगा मुकी. तासाभराने तिच्यातून एक धातूचा वास यायला लागला, तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा. जेवायला मसूर आणि भाकरी, ठेचा सोबत. ही चूक. ठेच्याचा घास आणि वर सेर्रालुंगाचा घोट म्हणजे जिभेला सँडपेपर. तिखटाने तुरटपणा दुप्पट झाला आणि अल्कोहोल (बाटलीवर १४.५ टक्के लिहिलंय) घशात जळत गेलं. बायकोने तिचा पेला बाजूला सारला.

गुरुवार. ला मोर्रा आज सगळ्यात सुंदर. तुरटपणाची धार गेली, रासबेरीचं फळ पुढे आलं, मागे बडीशेपेसारखं काहीतरी. बायकोचं मत : "हीच घे, विषय संपव." सेर्रालुंगा कालच्यापेक्षाही कडक. कालचं थोडंफार फळ होतं तेही आत ओढून घेतलेलं. मी मनात ला मोर्राच्या सहा बाटल्यांचा हिशेब केला. २५२ युरो. दोन युरो वर जातात, ते आजींना, आपलं, त्या घरच्यांना मागता येतील.

शुक्रवार. इथे गंमत झाली. बायकोने लोणी आणि सेजची पानं घालून ताजारिन (इथला अंड्याचा बारीक पास्ता) केलं, वर किसलेलं चीज. सेर्रालुंगा पेल्यात ओतली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला बोलावलं, कारण मला वाटलं मी चुकीची बाटली उचलली. उन्हाने तापलेल्या डांबरी रस्त्यावर पहिली सर पडते तेव्हाचा वास. हे लोक बारोलोच्या वर्णनात डांबर आणि गुलाब म्हणतात ते मला आजवर पुस्तकी वाटायचं. त्यामागून चेरी, मग खरंच गुलाब. तुरटपणा आहेच, पण लोण्याने आणि चीजने त्याला कुठेतरी बसायला जागा मिळाली. घोट गिळल्यावर मिनिटभर तोंडात काहीतरी चालू राहतं. जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी भरून राहते तसं, फक्त सुगंधी. ला मोर्रा आज जराशी थकलेली. छान होती, पण काल जे बोलली तेच हळू आवाजात.

शनिवार. ला मोर्रात आंबटपणा उरला, फळ गेलं. ती भाजीत घालायला हरकत नाही. सेर्रालुंगा शुक्रवारी होती तशीच उभी. शेवटचा पेला आम्ही दोघांनी वाटून घेतला आणि बाटलीच्या तळाशी काही शिल्लक आहे का ते दोनदा तपासलं.

तर मंडळी, मी ज्या दिवशी चाखली त्या दिवशी पेटी घेतली असती तर सहाच्या सहा ला मोर्रा आणल्या असत्या.

भटकी खार

आहाहा! डांबरी रस्त्यावरची पहिली सर. ऑफिसात बसून वाचतेय आणि बाहेर ऊन आहे.

जुनी बखळ

उत्तम काम केलंत. दोन दुरुस्त्या.

ला मोर्रा हरली असं समजू नका. चार दिवसांची परीक्षा दमदाराच्या बाजूने झुकलेली असते. ती वाइन तीन-चार वर्षांनी, एका संध्याकाळी, एका बैठकीत संपवायची आहे. तिला चौथ्या दिवसाची काय पडलीय? गवयाला कुस्ती खेळायला लावली आपण.

आणि तिखटाचं तुम्ही अनुभवलंत, लोण्याचंही. तुरट कण लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात म्हणून तोंड कोरडं पडतं. खाण्यात स्निग्ध आणि प्रथिनं असली की ते आधी त्यांना चिकटतात. म्हणून या भागात बारोलोसोबत लोण्यातला पास्ता, कास्तेल्मान्योसारखं चीज, वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं गोमांस, ब्राझातो. इथल्या लोकांनी रसायनशास्त्र शिकून हे ठरवलेलं नाही, ताटात जे होतं त्यावरून जमत गेलं.

गुणपत्रिका

एवढा उपद्व्याप कशाला? समीक्षकांचे गुण बघा. १०० पैकी ९५ च्या वर असेल ती घ्या. त्यांनी शेकडो चाखलेल्या असतात.

मिलानी माशी

चाखतात, पण कधी? दिवसाला शंभरेक पेले, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. दगडफूल यांचा बुधवार बघा. त्या बुधवारी गुण दिले असते तर सेर्रालुंगा नापास. तरबेज माणूस मुक्या वाइनमध्येही पुढचं ओळखतो, हे मान्य. मी गुण बघत नाही असं नाही. पण गुणांसोबत लिहिलेली चार वाक्यं वाचते आणि आकडा सोडून देते. मला कडक आवडत नाही, तर ९८ घेऊन मी काय करू?

शिवाय आकडा आला की भाव वाढतो, हा वेगळाच ताप.

जुनी बखळ

आकड्यांवरून आठवलं, लेबलवरच्या नावांबद्दलही सांभाळून. २०१० पासून बारोलोमध्ये मळ्यांच्या हद्दी अधिकृत झाल्या, एकूण १८१ नावं. त्यातली ११ म्हणजे अख्खी गावंच. नाव दिसलं की लोकांना वाटतं, खास जागा. काही आहेतही. पण मोन्फोर्तेमधल्या बुस्सियाची हद्द जवळपास ३०० हेक्टर आहे. तीनशे हेक्टरमध्ये डोंगर, दरी, सावली, ऊन सगळं येतं. ते नाव बघून दहा युरो जास्त मोजायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

आणि कोणी तुम्हाला लहान फ्रेंच पिंपं विरुद्ध जुनी मोठी पिंपं या वादात ओढलं तर पळून या. १९८० च्या दशकात यावरून बापलेकांत भांडणं झाली. वाइनवाले एलिओ आल्तारे यांनी वडिलांची जुनी पिंपं चेनसॉने कापली आणि वडिलांनी त्यांना वारसातून काढलं. पुढे जुन्या पद्धतीचे वाइनवाले बार्तोलो मास्कारेल्लो यांनी हाताने लेबल रंगवलं, "ना बारीक, ना बेर्लुस्कोनी". बारीक म्हणजे ते २२५ लिटरचं लहान पिंप, बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे राजकारणी. आता बहुतेकांनी मधला रस्ता धरलाय. पण म्हातारे अजून त्यावरून तावातावाने बोलतात आणि ऐकायला मजा येते.

चिंचगुळी

ठेवायच्या कुठे यावर कोणी बोललंच नाही. आमचं घर चौथ्या मजल्यावर. जुलैमध्ये स्वयंपाकघरात ३२ अंश असतात.

अवकाळी

तळघरात तुमच्या फ्लॅटच्या नावाची कोठडी असेल की. इथल्या जुन्या इमारतींत असतेच, वाइनच्या तळघरासारखं तिलाही कांतिनाच म्हणतात. भाडेकराराच्या कागदावर बघा, आम्हाला तीन वर्षांनी कळलं. आत आधीच्या भाडेकरूची स्की आणि एक पाळणा निघाला. १२ ते १५ अंश, अंधार, बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं. गरम पाण्याचा पाइप जात असेल त्या भिंतीला लावू नका. आम्ही लावल्या होत्या.

दगडफूल

काल जाऊन आलो. हिशेब :

सेर्रालुंगा ३ बाटल्या, १४४ युरो. ला मोर्रा १, ४२ युरो. त्याच ला मोर्राच्या घरची लांगे नेब्बिओलो २०२३, ३ बाटल्या, १८ प्रमाणे ५४. एकूण २४०. उरलेल्या दहाच्या ग्रिस्सिनी.

ला मोर्रा एकच का, तर त्यांची लांगे नेब्बिओलो चाखली आणि तोच गुलाब निघाला, धाकट्या बहिणीसारखा. मला त्या घरचं जे आवडलं होतं ते १८ युरोत आज पिता येतंय, मग ४२ ची घाईघाईत कशाला संपवू? काकांनी सांगितलं होतं तसंच झालं. सेर्रालुंगाच्या आजींना विचारलं, कधी उघडू? त्या म्हणाल्या, पहिली २०२९ मध्ये उघड, आवडली नाही तर मला फोन कर. वय ८१ आहे त्यांचं.

चिंचगुळी, तुमच्यासाठी विचारलं. दोन्ही घरी अंडं वापरत नाहीत. आणि एक छोटी बाटली किनातोची पाहिली. बारोलोमध्ये सिंकोनाची साल आणि मसाले मुरवतात, कुनैनवालीच साल. सेर्रालुंगाच्याच एका औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रसिद्ध केलेली. वासाने थेट आजीचा काढा. सासूबाईंना चमचाभर तीच द्या, सवयीची वाटेल.

सरळसोट

मी परत आलोय. १९.९० वाली घेतली आणि तुमच्यासारखीच ठेवली. पहिल्या दिवशी वाईट नव्हती, मी दोन पेले आनंदाने घेतले. दुसऱ्या दिवशी सपाट. तिसऱ्या दिवशी बायकोने रश्शात घातली आणि रस्सा मात्र झकास झाला.

म्हणजे ४८ युरोचं कारण अजून पूर्ण पटलं असं नाही. पण एकदा त्या आजींकडे जाऊन बघायला हरकत नाही म्हणतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा गाडीत जागा आहे का? आल्बापर्यंत ट्रेन आहे, पण पुढे शनिवारी बसचं काही खरं नाही.

दगडफूल

जागा आहे. तुमचं लायसन्स गेल्या वर्षीचं ना? मग इथल्या नियमाने पहिली तीन वर्षं तुम्हाला एक थेंबही चालत नाही, आम्हाला निदान रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमपर्यंत सूट आहे. छापील वाचून घ्या. म्हणजे परतीला गाडी चालवायला तुमच्याइतकं योग्य माणूस नाही.

भांडं असतंच थुंकायला. नेम कसा आहे तुमचा?